आठ पौंडांची गिटार आणि सूर्याभोवतीची धूळ

भिंतीतल्या जुन्या शेकोटीवरची शंभर वर्षांपूर्वीची लाकडी फळी. मोडीत निघालेलं ओकचं टेबल. १९२८ सालच्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगा. एक जुनी पोलादी सुरी. सायकलच्या मागच्या पिशवीला आधार देणारी दांडी. आईची विणकामाची सुई आणि तिच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. मुलांनो, एवढं सामान कुणी तुमच्यापुढे ओतलं आणि विचारलं, ‘यातून काय होईल सांगा बरं?’ तर तुम्ही बहुतेक म्हणाल, भंगारवाल्याला हाक मारा!

लंडनजवळच्या फेल्टममध्ये राहणाऱ्या ब्रायन मे नावाच्या मुलानं १९६३ च्या ऑगस्टमध्ये या सामानातून गिटार करायला घेतली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्याला हवी होती विजेवर वाजणारी गिटार आणि दुकानातल्या किमती घरच्यांना परवडणाऱ्या नव्हत्या. वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. बापलेकांनी मिळून घरी दुर्बीणसुद्धा केली होती, तेव्हा गिटारीला कोण घाबरतो? दोघं कामाला लागले. जवळजवळ दोन वर्षं हे काम चाललं. एकूण खर्च आला आठ पौंड.

शेकोटीच्या फळीची झाली गिटारीची मान. त्या फळीला कीड लागून भोकं पडली होती, ती ब्रायननं काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. टेबलाचं लाकूड गेलं पोटात. बटणं कापून मानेवर खुणांसाठी बसवली. स्प्रिंगांची गोष्ट तर फारच मजेची आहे. अशा गिटारीला एक दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा किंचित सैल पडतात आणि सूर घसरत खाली येतो. दांडी सोडली की तारा अगदी पहिल्या ताणावर परत यायला हव्यात. केसभर जरी फरक राहिला तरी गिटार बेसूर! म्हणून ब्रायननं तारा धरून ठेवणारी पट्टी सुरीच्या धारेवर तोलली. धारेवर घासणार ते किती? घर्षण जवळजवळ नाहीच. आणि तारांची ओढ पेलायला दुसऱ्या बाजूनं मोटारसायकलच्या स्प्रिंगा. दांडी म्हणजे ती सायकलची, आणि तिच्या टोकाला आईच्या सुईचा तुकडा.

या गिटारीचं नाव ‘रेड स्पेशल’. साठ वर्षं होऊन गेली, ब्रायन मे आजही तीच वाजवतात. ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाच्या बहुतेक सगळ्या गाण्यांत तुम्हाला ऐकू येते ती हीच. तारा छेडायलाही ते प्लॅस्टिकची चकती घेत नाहीत. सहा पेन्सचं जुनं नाणं घेतात. त्याच्या कडेला बारीक खाचा असतात, त्या तारेला घासल्या की सुराला किंचित खरखर येते.

हातानं करून बघण्याचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे ना, तिथल्या कारखान्यात साखर कारखान्यांची अवजड यंत्रं बनत आली. त्याच कारखान्यात आपल्या इस्रोच्या रॉकेटांसाठी पोलादी कवचंही बनवली गेली, ज्यांत इंधन जळतं आणि रॉकेट वर उठतं. उसाचा रस काढणाऱ्या यंत्रांपासून अवकाशापर्यंतची ही वाट मला फार आवडते. ज्यांना पोलाद कापता, वाकवता आणि जोडता येतं, त्यांना पुढचं काम सुचतंच.

आता परत गिटारीकडे. विजेवरच्या गिटारीत आवाज कसा तयार होतो? तारांच्या खाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि तांब्याच्या तारेत वीज उमटते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेला हा चमत्कार. तार जशी हलते तशीच वीज वरखाली होते, ती मोठी करून स्पीकरला दिली की झाला आवाज. या गुंडाळीला पिकअप म्हणतात. रेड स्पेशलमध्ये असे तीन आहेत. ब्रायननं सुरुवातीला पिकअपही घरीच केले होते, नंतर मात्र विकतचे आणून बसवले.

इथे त्यानं एक युक्ती केली, ती नीट समजून घ्या, कारण पुढे सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. प्रत्येक पिकअपला त्यानं दोन बटणं दिली. एक चालू-बंद करायचं आणि दुसरं वीज उलटी करायचं. उलटी कशाला? आवाज म्हणजे लाट. ती चढते, उतरते, पुन्हा चढते. दोन पिकअपच्या लाटा एकाच वेळी चढल्या तर त्यांची बेरीज होते, आवाज भरदार येतो. पण एक चढत असताना दुसरी उतरत असेल तर वजाबाकी होते. तारेतून एकाच वेळी बरेच सूर निघत असतात, जाड आणि बारीक. त्यांतले काही पुसले जातात, काही उरतात, आणि गिटारीचा आवाज एकदम वेगळा होतो, कधी नाकातून गायल्यासारखा, कधी किंचाळल्यासारखा. तीन पिकअप आणि सहा बटणं, म्हणजे किती वेगवेगळे आवाज काढता येतील, वहीत मांडून बघा.

लाटांची बेरीज आणि वजाबाकी. एवढं लक्षात ठेवा.

शाळा संपवून ब्रायन लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि १९६८ साली पदवीधर झाला. त्याच काळात मित्रांबरोबर त्याचं गाणंबजावणं सुरू होतं. १९७० साली ‘क्वीन’ सुरू झालं. त्यात गायला होता फ्रेडी मर्क्युरी. त्याचं खरं नाव फारूख बलसारा. पारशी कुटुंबातला, जन्म झांझिबारचा, आणि शाळा कुठली माहीत आहे? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची, सेंट पीटर्स! बारामतीहून फलटण आणि वाईमार्गे निघालात तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पाचगणीत पोचाल. तिथल्या शाळेत असताना फारूखनं मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता आणि तो पियानो वाजवायचा. पाचगणीच्या डोंगरावर सूर लावणारा मुलगा आणि शेकोटीच्या फळीची गिटार करणारा मुलगा पुढे एका रंगमंचावर आले. ढोलकाठ्या सांभाळल्या रॉजर टेलरनं, आणि १९७१ साली जॉन डीकन आला. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. त्यानं कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटपासून छोटा ॲम्प्लिफायर केला, तोही ब्रायन पुढे वर्षानुवर्षं वापरत राहिला.

‘क्वीन’चं एक गाणं तुम्ही नक्की ऐकलं असेल, नाव माहीत नसेल कदाचित. क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या सामन्यात सगळं मैदान दोनदा पाय आपटतं, एकदा टाळी वाजवतं आणि क्षणभर थांबतं, पुन्हा दोनदा पाय आणि एक टाळी. ते गाणं म्हणजे ब्रायननं केलेलं १९७७ सालचं ‘वी विल रॉक यू’. ऐकताना वाटतं, हजारो माणसं पाय आपटताहेत. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी मोजकीच माणसं होती. मग हजारो कुठून आली?

ब्रायनमधला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इथे कामाला आला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा तुम्ही मैदानाच्या मधोमध उभे आहात. दहा मीटरवरच्या माणसाची टाळी तुम्हाला सेकंदाच्या तीन शतांश भागानंतर ऐकू येईल, शंभर मीटरवरच्याची त्याच्या दहापट उशिरा. म्हणजे मोठा जमाव ऐकू येतो तो असा, थोडा थोडा मागेपुढे. तेव्हा मूळ आवाजात तोच आवाज थोडा उशिरा मिसळायचा, मग आणखी उशिरा, मग आणखी. पण एक अडचण येते. उशीर समजा २०, ४०, ६०, ८० असा सारख्या टप्प्यांनी दिला, तर त्या टप्प्यांचाच एक ठेका उमटतो आणि कानाला घुमल्यासारखं होतं. ठरावीक लाटांची बेरीज होत राहते ना! म्हणून ब्रायननं उशिराची मापं मूळ संख्यांच्या हिशोबानं ठरवली. २, ३, ५, ७, ११, १३ या त्या संख्या, ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशानंच भाग जात नाही. एकीचा पाढा दुसरीच्या पाढ्याशी चटकन जुळत नाही, म्हणून घुमणं नाही. उरला तो जमाव. गणिताच्या तासाला मूळ संख्या कशाला शिकायच्या असं कुणी विचारलं तर त्याला हे गाणं ऐकवा.

आता धुळीकडे येऊ या, कारण खरी नवलाची गोष्ट तिथेच आहे.

पदवी झाल्यावर ब्रायन इम्पीरियलमध्येच पीएच.डी. करत होता आणि त्याचा विषय होता अवकाशातली धूळ. सूर्याभोवती ग्रह फिरतात हे तुम्ही शिकलात. पण ग्रहांच्या मधली जागा अगदी रिकामी नाही. तिथे बारीक धूळ आहे. धूमकेतू सूर्याजवळ आले की त्यांचं बर्फ उडतं आणि धूळ मागे सांडते. लघुग्रह एकमेकांवर आपटतात आणि त्यांचा चुरा होतो. बरेच कण मिलिमीटरच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागाएवढे. ही धूळ साधारण ग्रहांच्याच पातळीत पसरलेली आहे. सूर्याचा प्रकाश तिच्यावर पडतो आणि सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी, काळोख पूर्ण असेल तर, क्षितिजावर फिकट पांढरा उजेड उभा दिसतो, खाली रुंद आणि वर निमुळता. याला राशिचक्रप्रकाश म्हणतात, कारण तो सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या वाटेवर, म्हणजे राशींच्या पट्ट्यात दिसतो.

ब्रायनला जाणून घ्यायचं होतं की ही धूळ हलते कशी. सगळी एकाच दिशेनं फिरते, की वाटेल तशी?

आपल्या इंदापूर तालुक्यात बेलवाडीला तुकोबारायांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. मधे पालखी. तिच्याभोवती झेंडेकरी धावतात, तुळशी घेतलेल्या माउल्या धावतात, शेवटी अश्व दौडतात, आणि सगळे एकाच दिशेनं. पालखीच्या जागी सूर्य ठेवा आणि धावणाऱ्यांच्या जागी धुळीचे कण. आतल्या फेरीतले कण जास्त वेगानं पळतात, बाहेरचे जरा सावकाश, हा केप्लर यांचा नियम. आणि आपण बाहेर उभे राहून बघणारे नाही बरं का. पृथ्वीसुद्धा त्याच रिंगणात पळते आहे, सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं. धावता धावता आजूबाजूच्यांकडे बघायचं आणि कोण आपल्याकडे येतोय, कोण लांब जातोय ते ओळखायचं, तेही एकेक कण न दिसता, नुसत्या फिकट उजेडावरून.

कसं ओळखायचं? पुणे-सोलापूर रस्त्यालगत, भिगवण किंवा इंदापूरजवळ, घरातल्या मोठ्या माणसाबरोबर सुरक्षित जागी थांबा आणि हॉर्न देत जाणारी एखादी गाडी ऐका. गाडी येत असते तेव्हा हॉर्नचा सूर चढलेला असतो आणि पुढे गेली की तो उतरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी असेल तर फरक जवळजवळ रे वरून सा वर आल्याएवढा. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकून हे कळणार नाही, कारण तो फार हळू जातो. येणाऱ्या गाडीच्या आवाजाच्या लाटा दाटीनं येतात, जाणाऱ्या गाडीच्या विरळ होतात. याला डॉप्लर परिणाम म्हणतात आणि प्रकाशालाही तो लागू आहे. जवळ येणाऱ्या वस्तूचा प्रकाश किंचित निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्या वस्तूचा तांबड्याकडे.

पण पांढऱ्या उजेडात सगळेच रंग, मग सरकला तो कळणार कसा? त्यासाठी खूण लागते. सूर्यप्रकाशाचं इंद्रधनुष्य खूप ताणून पाहिलं तर त्यात काळ्या बारीक रेघा दिसतात. सूर्याच्या वातावरणातलं एकेक मूलद्रव्य आपापला रंग खाऊन टाकतं, त्याची ती रेघ. हिरव्या रंगात मॅग्नेशियमची एक ठळक रेघ आहे. धुळीवरून आलेल्या प्रकाशातही तीच रेघ येते, पण धूळ हलत असल्यामुळे किंचित सरकलेली. किती सरकलेली? सेकंदाला ३० किलोमीटर वेगासाठी सुमारे दहा हजारांत एक भाग! एवढं बारीक मोजायला ब्रायननं वापरलं फॅब्री-पेरो नावाचं उपकरण. त्यात अर्धवट परावर्तन करणाऱ्या दोन काचा समोरासमोर, अगदी समांतर ठेवलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतो. ज्या रंगाच्या लाटा त्या फटीत बरोबर बसतात त्यांची बेरीज होते आणि तो रंग पार होतो. बाकीच्यांची वजाबाकी होते, ते संपतात. फट केसाहून कितीतरी कमी बदलली की पुढचा रंग.

आठवलं का काही? गिटारीची ती सहा बटणं! तिथे आवाजाच्या लाटा, इथे प्रकाशाच्या. लोक म्हणतात, ब्रायन मे दोन वेगळी आयुष्यं जगले, एक गाण्याचं आणि एक विज्ञानाचं. मला ते अजिबात पटत नाही. लाटांना एकमेकींत मिसळून काय होतं ते बघण्याची एकच ओढ होती, आणि ती दोन्हीकडे सारख्याच आनंदानं गेली.

लंडनच्या ढगाळ, उजळ आकाशात हा उजेड दिसायचा नाही. म्हणून १९७१ आणि १९७२ साली ब्रायन अटलांटिक महासागरातल्या टेनेरीफ बेटावर गेला. तिथल्या टेईडे ज्वालामुखीजवळच्या डोंगरावरची वेधशाळा जवळपास २,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून अंदाज करा. ढग पायाखाली आणि वर स्वच्छ काळोख. तिथे रात्रीमागून रात्री बसून त्यानं त्या हिरव्यातल्या रेघेची मापं घेतली. १९७२ साली सहकाऱ्यांबरोबर त्याचा निबंध ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, दुसरा १९७४ साली एका नामवंत खगोलशास्त्रीय नियतकालिकात. प्रबंध लिहून होत आला होता. मधे काही काळ त्यानं लंडनच्या एका शाळेत गणितही शिकवलं.

आणि तेवढ्यात ‘क्वीन’ गाजायला लागलं. दौरे, ध्वनिमुद्रणं, पुन्हा दौरे. १९७४ मध्ये प्रबंध बाजूला पडला आणि पडूनच राहिला. पण आकाश काही सुटलं नाही. १९७५ सालच्या ‘थर्टी-नाइन’ या गाण्यात त्यानं आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेची गोष्ट रचली. अवकाशयात्री प्रचंड वेगानं जाऊन परत येतात, त्यांच्या मते एकच वर्ष झालेलं असतं, पण घरी शंभर वर्षं उलटलेली असतात आणि ओळखीचं कुणी उरलेलं नसतं.

तीस वर्षांहून जास्त काळ गेला. २००६ साली साठीला टेकलेले ब्रायन मे पुन्हा इम्पीरियल कॉलेजात दाखल झाले. मायकेल रोवन-रॉबिन्सन हे त्यांचे मार्गदर्शक झाले. जुन्या मापांचे कागद बाहेर निघाले. एवढ्या वर्षांत विज्ञान पुढे गेलेलं असणार, मग जुनं काम काय कामाचं? गंमत अशी की धुळीचा वेग मोजण्याच्या या विषयाकडे मधल्या काळात फारच थोड्या लोकांनी लक्ष दिलं होतं. ब्रायन यांची मापं अजून उपयोगी होती. तरी सूट काही मिळाली नाही. मधल्या तीन दशकांत धुळीबद्दल जे जे छापून आलं ते सगळं वाचायचं, प्रबंधात मांडायचं, चुका सुधारायच्या आणि परीक्षकांसमोर बसायचं. ऑगस्ट २००७ मध्ये प्रबंध मान्य झाला. १४ मे २००८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी झगा घालून पीएच.डी. स्वीकारली. आणि रिंगणाचं उत्तर? धूळ मुख्यतः ग्रहांच्याच दिशेनं फिरते. २०१३ साली रोवन-रॉबिन्सन आणि मे या गुरुशिष्यांनी मिळून आणखी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की या धुळीचा मोठा भाग धूमकेतूंचा आहे, त्याहून कमी लघुग्रहांचा आणि अगदी थोडा आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून, दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशातून आलेला.

पुढे मानसन्मान पुष्कळ झाले. एका लघुग्रहाला त्यांचं नाव आहे, ते एका विद्यापीठाचे कुलपती होते, २०२३ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मला मात्र त्यांचं बेन्नूचं काम जास्त आवडतं. लहानपणी न्याहारीच्या डब्यात त्यांना जोडचित्रं मिळायची. किंचित वेगळ्या कोनांतून काढलेली दोन चित्रं, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. नीट बघितली की चित्राला खोली येते. तो छंद त्यांनी कधीच सोडला नाही. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती आणायला नासाचं यान गेलं तेव्हा, ते कुठे टेकवायचं हा मोठा प्रश्न होता, कारण सगळीकडे दगडच दगड. ब्रायन आणि त्यांच्या सहकारी क्लॉडिया मान्झोनी यांनी यानाच्या फोटोंतून जोडचित्रं तयार केली. त्यांतून शास्त्रज्ञांना खड्डे आणि दगड उठून दिसले आणि जागा निवडायला मदत झाली. २०२० साली यानानं माती उचलली, २०२३ साली ती पृथ्वीवर पोचली.

आता तुमची पाळी. ज्या उजेडासाठी ब्रायनला समुद्रापलीकडच्या डोंगरावर जावं लागलं, तो बघायला आपली जागा चांगली आहे. बारामती आणि इंदापूर साधारण १८ अक्षांशावर आहेत, लंडन ५१ च्या पुढे. लंडनमध्ये ग्रहांची वाट क्षितिजाला कायम तिरकी असते, उजेडही आडवा पडून धुरकट हवेत बुडतो. आपल्याकडे ठरावीक दिवसांत ती वाट क्षितिजावर जवळजवळ सरळ उभी राहते, म्हणून उजेडही उभा चढतो.

ते दिवस कोणते? दोन सण लक्षात ठेवा, दोन्ही अमावास्येच्या आदल्या दिवशीचे, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. पहिला, महाशिवरात्रीची संध्याकाळ. सूर्य मावळल्यावर सव्वा तासानं पश्चिमेकडे बघा. दुसरा, नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नानाला उठाल तेव्हा, साधारण पाचच्या सुमाराला, फटाक्यांचा धूर व्हायच्या आत पूर्वेकडे बघा. बारामती शहरात किंवा एमआयडीसीजवळ दिव्यांमुळे काही दिसणार नाही. गळितात असलेल्या साखर कारखान्याच्या आसपासही नाही. उजनीच्या फुगवट्याकडची गावं बरी, पळसदेव, कुंभारगाव, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला लोक येतात. पाण्याच्या कडेला मात्र एकट्यानं जायचं नाही, काळोखात गाळ आणि साप दोन्ही दिसत नाहीत. मोठ्यांना बरोबर घ्या, मोबाइल खिशात ठेवा आणि वीस मिनिटं डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या. आकाशगंगा स्पष्ट दिसत असेल आणि हवा स्वच्छ असेल तर हा उजेडही दिसेल. कुठल्याशा गावाचे दिवे असावेत असं आधी वाटेल. पण गावाचा उजेड क्षितिजाशी पसरलेला असतो आणि हा त्रिकोणासारखा वर चढत जातो.

आणि यातली थोडी धूळ तर रोज आपल्या अंगणात पडते आहे. ती शोधून काढली कुणी? आणखी एका गिटारवाल्यानं! नॉर्वेचे यॉन लार्सन हे जॅझ गिटार वाजवणारे. २००९ साली घराबाहेरच्या टेबलावर त्यांना एक चमकता काळा कण दिसला आणि तो कुठून आला या विचारानं ते झपाटले. शहरातल्या धुळीत अवकाशातला कण सापडणं अशक्य आहे असंच तेव्हा शास्त्रज्ञ मानत. लार्सन छपरांवरची, पन्हळीतली माती गोळा करत राहिले. त्यांची खात्री पटवून दिली मॅथ्यू गेन्ज यांनी, आणि ते कुठले? पुन्हा इम्पीरियल कॉलेजचेच! २०१७ साली दोघांनी सहकाऱ्यांबरोबर निबंध लिहिला. ३०० किलो मातीतून अवकाशातले ५०० कण निघाले होते.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर पावसाळ्यानंतर स्लॅबच्या कोपऱ्यात, पाणी जिथून उतरतं तिथे साचलेली माती घ्या. पाण्यात घोळून गढूळ पाणी टाकून द्या, राहिलेलं उन्हात वाळवा. एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण कागदावर पडतील. चुंबकाला न चिकटणारी पाचटाची राख आणि चिमणीची काजळी आपोआप मागे राहते. आता शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आपल्याला हवेत ते मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढे, गोलसर, काळपट कण, ज्यांच्यावर बारीक स्फटिकांची नक्षी असते, कारण हवेत शिरताना ते वितळून पुन्हा थिजलेले असतात. अगदी गुळगुळीत, चकचकीत गोळे मात्र बहुतेक वेल्डिंगच्या ठिणग्यांचे निघतात, आणि ते ओळखायला लार्सन यांनाही काही वर्षं लागली. तेव्हा वेल्डिंगच्या दुकानापासून आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजपासून लांबचं छत निवडा, आणि प्रत्येक कागदावर तारीख आणि गावाचं नाव लिहायला विसरू नका.